झुंबरने पारखलेली होडी

जनावर पारखण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या पाटोदा तालुक्यात नव्हता. ही बढाई नाही, बाजारात कोणालाही विचारा. माझ्या आजोबांनी घेतलेला बैल कधी लंगडला नाही, वडिलांनी घेतलेल्या गाईने कधी लाथ मारली नाही, आणि जिने मारली ती म्हैस चुलत्यांनी घेतलेली होती. असं सगळं रक्तातच असल्यावर एक जुनी होडी पारखून घ्यायला मला कितीसा वेळ लागणार!

आता तुम्ही म्हणाल, पाटोद्याच्या माणसाला होडी हवीच कशाला? आमच्याकडे नदीला पाणी आलं तर लोक बघायला जातात. पण मी तेव्हा पाटोद्यात नव्हतो. सदुसष्ट साल होतं. तारापूरला विजेच्या मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं, देशावरची पुष्कळ माणसं तिथं कामाला लागली होती, आणि मी मॅट्रिक झालेला असल्यामुळे मला स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली होती. आमच्या घराण्यातली ही पहिली पगाराची नोकरी. बोईसरला खोल्या मिळेनात, म्हणून मी खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीत येसूबाईंकडे बिऱ्हाड केलं. येसूबाई मासळी विकायच्या आणि त्यांचा मुलगा महादू होडी घेऊन समुद्रात जायचा. माणसं फार चांगली. बोलणं भरभर असल्यामुळे निम्मं मला कळायचं नाही, पण उरलेल्या निम्म्यात प्रेम असायचं.

पंचाईत होती ती घरात. अक्षय्य तृतीयेनंतर मी माझ्या बायकोला, सुगंधाला, गावाहून घेऊन आलो. संध्याकाळी तिने दारातून भरलेली खाडी पाहिली. सकाळी उठून पाहते तर सगळा चिखल. तिने मला हलवून जागं केलं.

"आवं, पाणी कुठं गेलं?"

मी म्हटलं, ओहोटी आहे. परत येईल.

"कशाला येतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मॅट्रिकच्या भूगोलात होतं, पण मला आठवलं नाही. मग पावसाळा लागला. मीठ पातळ झालं, कपडे वाळेनात, दारासमोर टाकलेल्या जाळ्यांचा वास थेट पांघरुणात यायला लागला. बोलायला कोणी नाही, शेत नाही, शेळी नाही. ती बसमध्ये बसली की तिला ओकाऱ्या होत, त्यामुळे बोईसरचा बाजारसुद्धा तिने एकदाच पाहिला आणि तोही डोळे मिटून. शेवटी गणपतीच्या सुमाराला तिने मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की दिवाळीपर्यंत मी बघते. तोवर करमलं तर ठीक. नाही करमलं तर आपण गावाकडं जायचं.

मी म्हटलं, "आपण म्हणजे?"

"मी एकटी जाऊन लोकांचं काय ऐकू? तुमीबी यायचं."

गावाकडे जायचं म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे वडिलांच्या न लंगडणाऱ्या बैलांमागे मी उन्हातान्हात चालणार, आणि माझ्यामागून वडील मला बोलत चालणार. बैलांचा पुढचा भाग मी कितीही पारखला तरी जन्मभर मागचाच बघायचा मला धीर नव्हता. सुगंधाला इथं कसं रमवावं, या एकाच विचाराने मला घेरलं.

आणि अशात एका संध्याकाळी ती ओट्यावर उभी राहून खाडीपलीकडे बघत होती. पलीकडे ताडाची झाडं होती, एक भगवं निशाण होतं, चुलीचा धूर दिसत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने कुतूहलाने विचारलं, "तिकडं काय असतंय वो?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! मी धावत महादूकडे गेलो आणि उद्या हिला जरा तुझ्या होडीतून पलीकडे फिरवून आण म्हणून सांगितलं. महादूने तोंडातली विडी काढली. मग म्हणाला, की तुला नेतो, तुझ्या बापाला नेतो, पण मासेमारीच्या होडीत बाया बसत नाय. त्याच्या आजाने कधी बसवल्या नव्हत्या आणि म्हणून तोही बसवणार नव्हता. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, आणि बस आली की ओकाऱ्या आल्या. म्हणजे आता आपली स्वतःची होडी घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हे मी दुसऱ्या दिवशी झुंबरजवळ बोललो. झुंबर हा आमच्याच भागातला, प्रकल्पावर जीप चालवायचा. पण त्याची खरी ओळख वेगळीच होती. त्याचा बाप आष्टीच्या बाजारातला नामांकित हेडी, म्हणजे बैलांच्या सौद्यातला दलाल. झुंबर नुसता लांबून खुरांचा आवाज ऐकून जनावराचं वय सांगायचा. तो म्हणाला, "पुंजाराम, होडी व्हय? आपल्या ओल्सन सायबाकडं हाय की एक. सायेब मायदेशी चाललाय. समदं सामान इकतोय."

रविवारी आम्ही दोघं साहेबाच्या बंगल्यावर गेलो. झुंबरने मुद्दाम फेटा बांधला होता आणि खांद्यावर उपरणं टाकलं होतं. सौद्याला जाताना तसं जायचं असतं.

अंगणात दोन घोडक्यांवर ती ठेवली होती. साहेब तिला कयाक म्हणत होता. मी तोवर महादूची होडी पाहिलेली, ती पोट सुटलेल्या सावकारासारखी. ही भलतीच लांब आणि सडपातळ. आत लाकडाच्या फासळ्या, वरून निळं मेणकापड ताणून बसवलेलं, खालच्या अंगाला रबर. दोन्हीकडे टोकं. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेच कळेना, आणि तिथंच झुंबरचं आधी अडलं.

"सायेब," तो म्हणाला, "मूं किधर?"

साहेबाने एका टोकाकडे बोट दाखवलं. झुंबर त्या टोकापुढे जाऊन उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ तिच्याकडे डोळ्याला डोळा लावल्यासारखा बघत राहिला. मग उठून अंगावरून हात फिरवला. बैलाच्या अंगावर असतो तसा केसांचा भोवरा शोधला, सापडला नाही. बोटांनी फासळ्या मोजल्यासारखं केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, की बरगड्या वर आल्यात, साहेबाने पोटाला कमी घातलेलं दिसतंय. मग आम्ही दोघं खाली वाकलो. पोटाखाली रबराची ठिगळं होती. झुंबरचा चेहरा गंभीर झाला. आजारी जनावराला आमच्याकडे तापल्या लोखंडाचे डाग देतात, आणि डाग दिसले की जुनं दुखणं आहे असं समजतात. पण ठिगळं सगळी जुनी होती, नवं एकही नव्हतं. दुखणं बरं झालंय, असा त्याने निर्वाळा दिला.

मधोमध एक कापड दोरीने आवळून बांधलेलं होतं. ती झूल, असं आमचं दोघांचं एकमत झालं. मुरलेला गिऱ्हाईक झूल उचलून बघतोच, कारण खालचा खांदा सोललेला असू शकतो. आम्ही उचलली. खाली एक वाटोळी पोकळी होती, तिच्या कडा गुळगुळीत होत्या, कुठं सोलपटलेलं नव्हतं. मी समाधानाने झूल परत घातली. माणसाने बघायचं ते सगळं मी पाहिलं. पाहण्यात आमची कसूर नव्हतीच, फक्त आम्ही खांदा बघत होतो.

"आता चालवून दाखवा," झुंबर म्हणाला.

साहेबाला ते समजायला वेळ लागला. पण मग त्याने मडमेला बोलावलं, दोघांनी दोन टोकं उचलली आणि अंगणात तिला घेऊन एक फेरी मारली. झुंबरने हाताने खूण करून आणखी एक मारायला लावली. चाल सरळ होती, पाय टाकताना कुठं अडखळ नव्हती. तिला पाण्यात घालून बघावं हे दोघांनाही सुचलं नाही, कारण बैल कोणी पाण्यात घालून घेत नाही.

मग सौदा. आमच्याकडे बैलाची किंमत चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. झुंबरने साहेबाचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. साहेब आधी दचकला. त्याने उपरण्याकडे पाहिलं, झुंबरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्याला वाटलं हा काहीतरी निरोपाचा विधी असावा, म्हणून त्यानेही मनापासून झुंबरची बोटं दाबली. मडमेने फोटो काढला. किती दाबलं आणि कितीला ठरलं ते त्या दोघांना आणि उपरण्याला ठाऊक, पण झुंबरने उपरण्यातून हात बाहेर काढला तो हसत.

आणि इथून पुढे जे झालं ते मी आजवर कोणत्याही दर्यावर्दी माणसाला सांगितलेलं नाही.

साहेबाने आतून एक दोरी आणली आणि माझ्या हातात द्यायला लागला. होडी बांधायची दोरी. झुंबरने मध्येच हात आडवा घातला. मला डोळ्यांनी दटावलं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं मालक आपल्याजवळ ठेवतो. दाव्याबरोबर विकणाऱ्याच्या गोठ्यातली बरकत जाते असं मानतात, आणि जाणता गिऱ्हाईक ते मागत नाही. मालकाने चुकून दिलं तरी हात जोडून परत करतो. मीही हात जोडून दोरी परत केली.

साहेब गोंधळला. तो पुन्हा आत गेला आणि एक लांब काठी घेऊन आला. काठीच्या दोन्ही टोकांना लाकडाची पानं होती. तीही तो आम्हाला देऊ लागला. मी झुंबरकडे पाहिलं. झुंबर म्हणाला, ही तिची काठी. दावं नाही घेतलं तर काठी कशी घ्यायची? माणूस परमुलखातला आहे, त्याला रीत ठाऊक नाही, म्हणून आपण त्याला नागवायचं का?

खरंच होतं. आम्ही काठीही परत केली. साहेब ती पुढे करी आणि आम्ही मागे सारू. तो हातवारे करून हवेत काहीतरी ढवळून दाखवी, आणि आम्ही दोन्ही हात जोडून मान हलवू. शेवटी झुंबरने काठी त्याच्या छातीशी लावून वर त्याचाच हात ठेवला. साहेबाचे डोळे भरून आले. त्याने आम्हा दोघांना मिठी मारली. आमच्या रीतीचं एका परक्या माणसाला एवढं अप्रूप वाटलं, म्हणून आम्हालाही भरून आलं.

कयाक डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. पुढे झुंबर, मागे मी. रस्त्याने पुढचं दिसत नव्हतं आणि रस्त्यावरच्यांना आमचं कमरेवरचं दिसत नव्हतं. एक शिफ्टची बस थांबली आणि सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांशी आली. मी आतल्या आत मोठ्या दिमाखात चाललो होतो.

वस्तीत पोचलो तेव्हा सुगंधा ओट्यावर तांदूळ निवडत होती. आम्ही निळी लांबलचक होडी तिच्यापुढे उतरवली. ती हातातलं सूप ठेवून उठली. सगळ्या बाजूंनी तिने ती निरखली, झूल सोडली, आत हात घालून चाचपलं.

"दोघांची हाय म्हणला व्हता तुमी."

"दोघांचीच. बघ ना केवढी लांब आहे."

"मग दुसऱ्यानं बसायचं कुठं?"

मी पाहिलं. झुंबरने पाहिलं. मग आम्ही होडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन तिथून पाहिलं. पोकळी एकच होती. एवढ्या लांब जनावरात माणसाला बसायला जागा एकच! झुंबर हळूच म्हणाला, की बैलावर तरी दोघं कुठं बसतात, आणि त्याला एकदम जीपचं काम आठवलं.

तोवर महादू आला. येसूबाई आल्या. पाठोपाठ वस्तीच आली. महादूने कयाकवर टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला. त्याने पुन्हा मारली. बाकीच्यांनीही मारून पाहिली. मग महादूने इकडेतिकडे बघितलं.

"वल्हं कुठं हाय?"

"वल्हं म्हणजे?"

"जेनं मारतात ते."

माझ्या डोळ्यांपुढे एकदम साहेब हवेत ढवळताना दिसला. मी सांगितलं, की ते मालकाचं मालकाला परत दिलं. आमच्यात तशी रीत आहे. महादू जवळच्या दगडावर बसला. त्याने विडी पेटवली आणि ती विझेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या सगळ्या हयातीत वल्हं परत करून होडी घेणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

निसटू पाहणाऱ्या झुंबरला मी सायकलवर बंगल्याकडे पिटाळलं. तो परत आला तो रिकाम्या हाताने. साहेब मुंबईला निघून गेला होता. वॉचमन म्हणाला, की साहेबाने सगळं सामान विकलं, पण एक दोरी आणि ती पानांची काठी मात्र स्वतःबरोबर नेली. दोन गरीब माणसांनी विकत घेतलेली वस्तू आपल्याला आठवण म्हणून भेट दिली, असं तो जाताना सगळ्यांना सांगत होता.

महादूचं वल्हं या होडीला फार जड. पण मीही हार मानणारा नव्हतो. दिवाळी तोंडावर आली होती. मी विचार केला, पाणी मागे सारायचं आहे ना, मग त्याला सपाट लाकूड पुरे. घरात कपडे बडवायचं धोपटणं होतं. दुसरं येसूबाईंचं मागून घेतलं. दोन हातांत दोन धोपटणी धरून मी खोलीतच थोडा सराव केला. सुगंधा दारातून लक्ष ठेवून होती.

पुढच्या रविवारी दुपारी खाडी तुडुंब भरली तेव्हा आम्ही होडी काठावर नेली. वस्ती आधीच येऊन बसली होती. मी बरोबर नारळ घेतला होता, कारण नवी होडी पाण्यात घालताना नारळ देतात एवढं मला इतक्या महिन्यांत समजलं होतं. महादूने तो माझ्याकडून काढून घेतला.

"ही होडी नाय," तो म्हणाला. "हिला जाळं ठेवायला जागा नाय, शीड नाय, दुसरा मानूस नाय. हिला नारल कशाला?"

"होडी नाय तं काय हाय?" येसूबाईंनी विचारलं.

महादूने विचार केला. त्यालाही ते सांगता येईना.

मी धोपटणी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि होडीत पाय टाकला. होडी बाजूला सरकली. पाय तिच्याबरोबर गेला, मी गेलो नाही. पुन्हा चढलो. या वेळी मी जोर करून त्या पोकळीत बसलोच. बसलो तो असा, की माझा खालचा निम्मा भाग आत घट्ट अडकला. येसूबाईंच्या हातची कालवणं खाऊन मी जरा भरलो होतो. मी धोपटणं उगारलं आणि पाण्याला पहिला तडाखा दिला. मग आकाश खाली गेलं आणि चिखल वर आला. होडी उलटली होती आणि मी तिच्यात पक्का होतो. महादूने टोक धरून तिला फिरवली तेव्हा मी पुन्हा वर आलो, आणि दुसऱ्या बाजूने लगेच खाली गेलो. शेवटी दोघातिघांनी मला बाटलीच्या बुचासारखा ओढून काढला.

तोंडातला चिखल थुंकून मी डोळे उघडले तर समोर सुगंधा हसत होती. तोंडाला पदर लावून नाही, पोट धरून, काठावर बसून हसत होती. वस्तीतल्या बाया तिच्या खांद्याला धरून हसत होत्या. गावाहून आल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. वाटलं, आणखी एकदा बुडावं.

हसून झाल्यावर ती उठली. तिने कासोटा खोचला आणि पाण्यात आली.

"धरा बरं जरा. नुसतं बसून बघते, आतनं कसं वाटतंय."

मी महादूकडे पाहिलं. बाया होडीत बसत नाहीत ही रीत त्यानेच मला सांगितली होती. पण येसूबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, आता तूच बोललास ना ही होडी नाय, मंग बाई बसली तं तुजा काय जातंय? महादू पुन्हा विचारात पडला.

सुगंधा अंगाने लहानखुरी. पोकळीत अशी बसली की जणू माप घेऊनच केली होती. होडी हललीसुद्धा नाही. तिने दोन्ही बाजूंना वाकून पाणी पाहिलं, हाताने चाचपलं, नाकाशी नेलं, चाखून पाहिलं. मी तिच्या हातात धोपटणी दिली आणि नाकातलं पाणी शिंकरायला दोन्ही हात वर घेतले.

तेवढंच पुरलं. भरती संपून पाणी फिरलं होतं. होडी हळूच माझ्यापासून सरकली. धरायला गेलो तर धरायला काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत मेणकापड. दोरी परदेशी चालली होती. होडी हातभर गेली, मग वावभर, मग मधल्या धारेला लागली आणि तिचं तोंड खाडीच्या मुखाकडे, समुद्राकडे वळलं.

मी ओरडत काठाने धावलो, चिखलात मांडीपर्यंत रुतलो, उपसून निघालो, पुन्हा रुतलो. हिला करमवायला होडी घेतली, आणि आता ही जाते कायमची! मी महादूच्या नावाने हाका मारल्या. महादूने आपली होडी सोडली आणि मला आत ओढून घेतलं. पण त्याने वल्हं हातात नुसतं धरून ठेवलं.

"मार ना!" मी ओरडलो.

"थांब. ती मारते हाय."

मी वळून पाहिलं. सुगंधाने उजव्या हाताने पाण्याला एक धोपटणं हाणलं. मग डाव्या हाताने. मग उजव्या. जन्मभर विहिरीवर गोधड्या बडवलेली बाई ती! पाणी उडत होतं, बांगड्या वाजत होत्या, आणि निळी होडी धार कापत तिरकी चालली होती. माझ्याकडे नाही. पलीकडे. ज्या बाजूला ताडाची झाडं होती तिकडे.

आम्ही मागून निघालो. हे सांगायला नको होतं, पण महादूच्या होडीत बसल्यावर मला ओकाऱ्या सुरू झाल्या. बसमध्ये सुगंधाला व्हायच्या तशाच, जरा जास्तच. त्यामुळे ती पलीकडे कशी लागली, कशी उतरली, हे मला पाहता आलं नाही. मी मान वर काढली तेव्हा ती काठावर एका वाडीच्या कुंपणाशी उभी होती, आणि कुंपणाआतली बाई तिच्याशी हातवारे करून बोलत होती. ती साखरबाई. तिची तिथं मिरचीची आणि वांग्यांची वाडी होती.

महादूने आता जरा मऊ होऊन सुगंधाला विचारलं, की दमली असशील, येतेस का या होडीत?

"नगं," सुगंधा म्हणाली. "तुमच्या होडीत बाया बसत न्हाईत."

पाणी जरा संथ झाल्यावर ती स्वतःची स्वतः परत आली. पुढ्यात तिने ओटीभर मिरच्या आणल्या होत्या. मी विचारलं, पलीकडे काय होतं? ती म्हणाली, "आपल्यासारखीच मानसं. तिकडनं इकडचं लई चांगलं दिसतंय."

त्या रात्री ती न विचारता बोलत होती. पाणी कशाला येतं आणि कशाला जातं हे तिने साखरबाईला विचारलं होतं. साखरबाईने चंद्राचं काहीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, बरोबर, भूगोलात होतं.

पुढचं फार भराभर झालं. महादूने कोणाला न सांगता सागाची फळी तासून दोन पानांचं वल्हं केलं आणि आमच्या ओट्यावर ठेवून गेला. सुगंधा रोज भरती पाहून पलीकडे जायला लागली. जाताना येसूबाईंचे सुके बोंबील पुढ्यात ठेवायची, येताना साखरबाईची भाजी आणायची. मग साऱ्या वस्तीचे बोंबील आले. बाया तिला निरोप सांगायला लागल्या, पलीकडच्या माहेरच्या बातम्या विचारायला लागल्या. मी कामावरून यायचो तेव्हा घराला कडी असायची आणि चुलीवर झाकलेलं जेवण. पण माझी तक्रार नव्हती. नोकरी वाचली होती. दिवाळीला मी भीत भीत विचारलं, काय ठरवलंस? ती म्हणाली, कशाचं? तिला काही आठवतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, आपल्यासारखा भाग्यवान माणूस या किनाऱ्यावर नाही.

दिवाळी झाली आणि आमच्या स्टोअरच्या बळवंतराव साहेबांनी मला बोलावलं. चेहरा प्रसन्न होता. म्हणाले, तुमच्या मिसेसना समुद्राचा त्रास होतो असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता, ते माझ्या कानावर आलं होतं. मनोरला आपलं नवं गोदाम उघडतंय. खोली आहे, अंगण आहे, वासबीस काही नाही. मी तुमचंच नाव घातलं आहे. सोमवारी रुजू व्हा.

मी म्हणायला लागलो, की साहेब, आता त्रास होत नाही. ते म्हणाले, संकोच करू नका.

घरी येऊन मी सुगंधाला सगळं सांगितलं. ती वल्ह्याला तेल लावत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मनोरला खाडी किती लांब?"

"खाडी नाही. पण विहीर आहे ना अंगणात."

"विहिरीत जाऊन कुठं जाऊ मी?"

तिने वल्हं पुसून भिंतीला टेकवलं. मग माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाली, "तुमी जावा. नोकरी सोडू नगा. शनिवारी येत जावा."

तेव्हापासून मी मनोरला असतो. स्वतःच्या हाताने भाकरी करतो, ती जळते. शनिवारी दोन बसगाड्या बदलून खाडीवर येतो. परवा पोचलो तर काठावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायांत एक नवी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुमी कोन?

"सुगंधाचा नवरा."

"मंग बसा," ती म्हणाली. "ती भरतीला येल."

भरती किती वाजता असते हे मला अजूनही कळत नाही. विचारायची लाज वाटते, म्हणून मी बसून राहतो.